शेवटच्या तीन कोसांचा इतिहास

२००७-०८च्या सुमारास पुण्या-मुंबईच्या मोटारींत पुढच्या काचेवर एक नवी वस्तू दिसू लागली. रबरी चकतीने काचेला चिकटवलेली, साडेतीन इंची पडद्याची, सिगारेट लायटरच्या खाचेतून वीज घेणारी आणि पुढचं वळण किती मीटरवर आहे ते बाईच्या आवाजात इंग्रजीतून सांगणारी. मॅपमायइंडिया, सॅटगाइड, गार्मिन ही नावं त्या काळात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ऐकू येत. महागड्या गाड्यांत असं यंत्र कारखान्यातूनच बसून येई. स्वस्तातलं सुटं यंत्र घेणारं गिऱ्हाईक वेगळं होतं: ज्या घरात पहिलीच मोटार आली आहे, चालवणारा घरातलाच आहे आणि सुट्टीतला प्रवास म्हणजे बहुधा कुलदैवत, जत्रा नाहीतर लग्न, असं घर. अशा अनेक घरांची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी. म्हणजे या यंत्राची परीक्षा ज्या मुलखांत झाली, त्यांतला एक आजचा धाराशिव जिल्हा. त्या मुलखाच्या वाटांचा जुना इतिहास समोर ठेवला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. मोठी वाट इथे माणसाला कधी ना कधी सापडतच आली आहे. अडलं ते नेहमी शेवटच्या तीन कोसांत, म्हणजे मोठा रस्ता सोडल्यानंतरच्या नऊ-दहा किलोमीटरांत. तेवढ्या टापूचं ज्ञान कायम गावकऱ्याकडे राहिलं. व्यापारी, सरकार, रेल्वे, एसटी आणि उपग्रह यांपैकी कुणालाच ते पुरतं काढून घेता आलं नाही. स्वस्त यंत्रालाही ते आलं नाही. पण ते ज्ञान कुणाकडून आणि कोणत्या अटींवर मिळवायचं, हा व्यवहार मात्र त्याने बदलला, आणि इतिहासात त्याची नोंद घ्यायची ती एवढ्यासाठी.

सुरुवात तेरपासून करणं भाग आहे. तेरणेच्या काठचं हे गाव आज संत गोरोबाकाकांचं म्हणून ओळखलं जातं, पण पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या मार्गदर्शिकेत ते ‘तगर’ या नावाने येतं. त्यात लिहिलं आहे ते असं: भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला साधारण दहा दिवसांवर तगर; तिथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या लांबलचक मुलखातून भडोचला येतं. माहिती किनाऱ्यावर ऐकलेली आहे हे वाचताना जाणवतं. दिशा ढोबळ आहे, अंतर मैलांत नाही तर दिवसांत आहे, आणि गावाची खूण एकही नाही. परिणाम असा झाला की, एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांना तगर सापडेना. विल्फर्डने ते देवगिरीला नेलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, रा. गो. भांडारकरांनी धारूरला. अखेर जे. एफ. फ्लीटने १९०१ साली तगर म्हणजे तेर असं मांडलं आणि पुढे गावात सापडत गेलेल्या अवशेषांनी ते मत पक्कं केलं. भडोचचा व्यापारी तगरचं कापड विकून पैसे मिळवत होता, पण तगर नेमकं कुठे हे त्याला स्वतः कळण्याची गरज नव्हती. ते गाडीवानाला माहीत होतं. दूरच्या माणसाकडे वाटेचा सारांश आणि जवळच्या माणसाकडे वाट, ही विभागणी या मुलखात निदान दोन हजार वर्षं जुनी आहे.

हा सारांश अचूक करण्याचं काम एकोणिसाव्या शतकात मोजणी खात्याने केलं. विल्यम लॅम्ब्टनने १८१५ साली बीदरजवळ दामरगिद्दा इथे पायारेषा मोजली, आणि तिथून पश्चिमेला मुंबईच्या रोखाने त्रिकोणांची साखळी नेण्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. म्हणजे दख्खनच्या या पठाराला अक्षांश-रेखांश मिळाले ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्याकडे बघत. १८५३च्या तहाने निजामाचा नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६० साली परत आला. मधल्या काळातली पहिली काही वर्षं ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक मेडोज टेलर तिथला डेप्युटी कमिशनर होता. महसुली मोजणी आणि रस्ते ही त्याच्या कारभारातली मोठी कामं. पण जमीन मोजणाऱ्याला वाटसरूची चिंता नसते, साऱ्याची असते. त्याच्या नकाशात शेताची हद्द ठळक आणि पायवाट पुसट असते. हे नकाशे कचेरीत राहिले. रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला आले ते मैलाचे दगड, आणि दगड बसले ते मोठ्या रस्त्याच्या कडेला. साठच्या दशकात मैलांचे किलोमीटर झाले, राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा आणि राज्य महामार्गाचा हिरवा अशी रंगांची भाषा आली. तरी दगड बोलला ते पुढच्या मोठ्या गावाबद्दलच. त्याच्यामागे माळापलीकडे असलेल्या वाडीचं नाव त्याच्यावर आलं नाही.

मग त्या वाडीपर्यंत माणूस पोचत कसा होता? याचं उत्तर गोड नाही. गावगाड्यात परगावच्या अंमलदाराला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत सोडणं, त्याचं ओझं वाहणं, टपाल पोचवणं आणि हद्दीच्या तंट्यात शिवेची साक्ष देणं ही महार वतनदाराची कामं होती. त्याबदल्यात मिळे ती तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुतं; वेळी-अवेळी हाक आली की हातातलं काम टाकून जावं लागे. गावाची शीव, ओढ्याचा उतार, कोणत्या महिन्यात कोणती वाट चिखलात जाते, हे सर्वांत बारकाईने ठाऊक असलेल्या माणसालाच समाजाने सर्वांत खाली बसवलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं ते या वेठीविरुद्धच. आणि महार-मांग वतनदारांची परिषद फेब्रुवारी १९४१मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली ती कसबे तडवळ्याला. आज ते गाव धाराशिव तालुक्यात आहे. वाट विचारण्याच्या जुन्या रीतीबद्दल हळवं होण्याआधी ही परिषद आठवली पाहिजे. विचारणाऱ्याला जे सहज मिळत होतं, ते सांगणाऱ्याला नेहमीच सहज द्यावंसं वाटत होतं असं नाही.

विसाव्या शतकात वाटेचं ज्ञान हळूहळू पगारी झालं. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत सुरू झाली, अडीच फुटी रुळांवरून पुढे येडशी, ढोकी करत १९११ साली लातूरला पोचली. जिल्ह्याचं मुख्य ठाणं मात्र त्या रुळांवर नव्हतं; शहराला स्वतःचं स्थानक मिळालं ते एकविसाव्या शतकात, ब्रॉडगेज आल्यावर. त्यामुळे इथे खरा वाटाड्या ठरली ती बस. निजाम राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनी बससेवा सुरू केली, आणि १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतरच्या काळात इथे लाल एसटी रुळली. एसटीने या मुलखाला वाटेचं एक नवं एकक दिलं: फाटा. महामार्गापासून गावचा रस्ता जिथे सुटतो तो फाटा, तिथली चहाची टपरी, लिंबाखालचा पार आणि ‘फाट्यावर उतरा, तिथून दोन किलोमीटर’ हा कंडक्टरचा सल्ला. पाटीवरच्या ‘मार्गे’ या शब्दापुढे लिहिलेल्या दोन-तीन गावांवरून प्रवासी गाडीचा सगळा मार्ग ताडत असे. हे ज्ञान पिढीजात नव्हतं, सक्तीचं नव्हतं, तिकिटाच्या पैशात मिळत होतं. पण एसटी जिथे थांबे तिथे तेही संपे. फाट्यापासून आतला रस्ता पुन्हा गावाच्याच स्वाधीन.

स्वतःची मोटार घेतली की कंडक्टर सुटतो. ही रिकामी झालेली जागा स्वस्त यंत्राने घेतली. त्याचं काम मुळात साधं आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकी उपग्रह वेळेचा शिक्का असलेले संकेत सोडतात. चार उपग्रहांचे संकेत पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र स्वतःचं ठिकाण काढतं. मे २०००मध्ये अमेरिकेने या संकेतांत मुद्दाम घातलेली चूक बंद केली, तेव्हा शंभरेक मीटरची अनिश्चितता दहा-वीस मीटरांवर आली आणि घरगुती यंत्राचा धंदा शक्य झाला. ‘मी कुठे आहे’ याचं उत्तर धाराशिवमध्येही न्यूयॉर्कइतकंच चोख मिळू लागलं. अडचण दुसऱ्या प्रश्नाची होती: जायचं ते गाव कुठे आहे? ते उपग्रहाला माहीत नसतं; ते यंत्रातल्या कार्डावरच्या नकाशात कुणीतरी आधी नोंदवलेलं असावं लागतं. नाव टाकायचं ते एकेक इंग्रजी अक्षर बोटाने दाबून, आणि त्या लिपीत या जिल्ह्याची नावं एकसारखी कधीच नव्हती. कळंब कुठे ‘कल्लम’, उमरगा कुठे ‘ओमेर्गा’, नळदुर्ग कुठे ‘नलद्रुग’. कळंब बरोबर टाकलं तरी यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं कळंब आणि पुणे जिल्ह्यातलं कळंब यादीत हजर असणारच. एकट्या तुळजापूर तालुक्यात एक सांगवी काटीजवळची आणि एक मार्डीजवळची. कागदोपत्री त्या ‘सांगवी (काटी)’ आणि ‘सांगवी (मार्डी)’ अशा लिहाव्या लागतात. हा कंस गावकऱ्यांनी आणि तलाठ्यांनी अनुभवातून घातलेला आहे. कंस नसलेल्या यादीत कोणती सांगवी निवडायची हे घरातल्या आजीला विचारावं लागतं.

गाव सापडलं तरी रस्ता उरतो. यंत्रात ‘सर्वांत जवळचा’ आणि ‘सर्वांत लवकरचा’ असे दोन पर्याय असत. लवकरचा मार्ग काढताना ते प्रत्येक प्रकारच्या रस्त्याला एक ठरावीक वेग देतं आणि वेळेची बेरीज करतं. पेरिप्लसकार अंतर दिवसांत मोजत होता, मोजणी खात्याने ते मैलांत आणलं, आणि यंत्राने ते पुन्हा वेळेत नेऊन ठेवलं. फरक एवढाच की, ‘दहा दिवस’ हा आकडा त्या वाटेने गेलेल्या गाड्यांवरून आला होता, तर ‘पोचायला अठरा मिनिटं’ हा आकडा रस्त्याच्या वर्गावरून येत होता. बालाघाटाच्या पायथ्याची काळी जमीन जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की चाकं गिळते. पाणंद किंवा शिवरस्ता नकाशात बारीक रेघ म्हणून दिसत असला तरी तो बैलगाडीचा आहे, आल्टोचा नाही, हे त्या रेघेत लिहिलेलं नसतं. जवळचा मार्ग निवडणाऱ्या कुटुंबाला यंत्र नेमकं अशाच रेघेवर घालू शकत होतं. देवाच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन शेजारगावांचा खंडोबा एकच. तो सुमारे दहा महिने अणदूरला असतो आणि मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात राहायला येतो. दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत तसा रीतसर करार होतो. नकाशावर दोन देवळं दोन टिंबांनी दाखवता येतात. आज देव कुठे आहे हे कोणत्याही टिंबात मावत नाही.

त्यातून हा जिल्हा नकाशाला धरून स्थिर राहणारा नाही. १९८२ साली लातूर वेगळा झाला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपाने किल्लारीप्रमाणेच सास्तूर आणि लोहाऱ्याचा परिसर उद्ध्वस्त केला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. नाव तेच, जागा नवी, आणि जुन्या जागी पडक्या भिंती. अशा गावाचं टिंब कुठे ठेवायचं हा प्रश्न जुने नकाशे पाहून नवे नकाशे बनवणाऱ्याला कळणारच नाही. २०१०मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले: नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला जाणारा ९ क्रमांकाचा रस्ता ६५ झाला, आणि सोलापूर-तुळजापूर-येडशी-बीडवरून धुळ्याकडे जाणारा २११ क्रमांकाचा रस्ता ५२मध्ये गेला. चौपदरीकरणात गावांना वळसे पडले. २०२३मध्ये फेब्रुवारीत शहराचं आणि सप्टेंबरात जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. ज्या यंत्राचा नकाशा अद्ययावत करायला वेगळे पैसे पडत आणि म्हणून बहुतेकांनी तो केलाच नाही, त्या यंत्रात २००८चा उस्मानाबाद जिल्हा आजही तसाच आहे: २११ क्रमांकाच्या दुपदरी रस्त्यासह. वाट दाखवायला तो निरुपयोगी. त्या वर्षीचा दस्तऐवज म्हणून मात्र जपण्यासारखा.

इथे पहिला आक्षेप येतो. यंत्र इतकं उणं होतं आणि तुळजापूरची वाट तर सगळ्यांना पाठ आहे, मग त्याची गरज काय होती? आश्विनातल्या पौर्णिमेला सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर चालत येणाऱ्या लाखोंना कुणीही वाट दाखवत नाही. पुढचा चालतो, मागचा त्याच्या मागे जातो. आक्षेप खरा आहे आणि माझ्या म्हणण्याला तो पूरकच आहे. मोठ्या वाटेवर यंत्र जवळपास अनावश्यक होतं, आणि आतल्या वाटेवर ते कच्चं होतं. तरी कुटुंबांनी ते घेतलं, कारण त्यांना वाटेइतकाच धीरही हवा होता. रात्री उशिरा, बायकामुलं गाडीत, अनोळखी फाट्यावर काच खाली करून विचारण्याची वेळ येऊ नये, हा तो धीर. शहरात वाढलेल्या पिढीचा गावाशी असलेला संबंध वर्षातून एका दर्शनापुरता उरला होता. कोणाला काय म्हणून हाक मारायची आणि कुठल्या गल्लीत काय विचारू नये हे तिला ठाऊक नव्हतं. यंत्राने तिचं ते अज्ञान झाकलं.

दुसरा आक्षेप यातूनच निघतो: मग यंत्राने माणसाशी होणारं बोलणं तोडलं, हे नुकसानच नाही का? फाट्यावर विचारलेल्या वाटेबरोबर पुढच्या पुलाला पाणी आहे की नाही हेही कळत असे, हे खरं. पण ते बोलणं बरोबरीचं होतं असं समजणं इतिहासाला धरून नाही. आधी ते वेठीचं होतं, नंतर ते ज्याच्याकडे मोटार आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याला थांबवून विचारण्याचं झालं. ‘ए, इकडून रस्ता जातो का’ ही हाक मारणाऱ्या अनेकांना आपण ‘ए’ म्हणतो आहोत याची जाणीवही नसे. यंत्राने पाहुण्याला गावावर अवलंबून राहण्यापासून सोडवलं, तसं गावालाही पाहुण्याच्या हुकुमापासून थोडं सोडवलं. आणि बोलणं पूर्ण थांबलंही नाही. यंत्र ‘तुम्ही पोचलात’ म्हणून गप्प बसलं आणि समोर नुसतं तुरीचं शेत दिसलं की काच खाली होतेच. फक्त तेव्हा विचारणारा जरा ओशाळलेला असतो आणि म्हणून बऱ्यापैकी नम्र असतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. २०१२मध्ये फोनवर बोलणारा नकाशा भारतात आला, काही वर्षांत सुटी यंत्रं दुकानांतून गेली. पाच-सहा वर्षं टिकलेल्या वस्तूला इतिहासात जागा कशाला? मला वाटतं, फोनने जे मोफत दिलं त्याची सवय या यंत्राने लावली: निघण्याआधी ठिकाण टाकणं, चुकल्यावर मागे न फिरता ‘नवा मार्ग काढतोय’ची वाट पाहणं, पोचण्याची वेळ आधीच फोन करून सांगणं. फोनने यंत्राचा एक दोष मोठ्या प्रमाणात दूर केला, तो म्हणजे शिळा नकाशा. पण एक गुण गमावला: यंत्राचा सगळा नकाशा त्याच्या पोटात होता, त्याला रेंज लागत नव्हती. आणि मूळ प्रश्न फोननेही सोडवला नाही, फक्त सोडवण्याचं काम दुसऱ्यांवर टाकलं. आज वस्तीचं नाव, मंगल कार्यालयाचं ठिकाण, बंद पडलेला पूल हे सगळं नकाशावर चढतं ते बहुतांशी तिथेच राहणाऱ्या, हातात फोन असलेल्या माणसांमुळे. जानेवारी २०२१मध्ये गूगलने मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावं यंत्राकडून लिप्यंतर करून दाखवायला सुरुवात केली, पण मूळ नोंद इंग्रजी लिपीत असेल तर ‘ळ’ आणि ‘ल’मधला फरक तिथेच हरवलेला असतो; तो परत आणायला पुन्हा गावचाच माणूस लागतो.

म्हणजे तगरच्या गाडीवानापासून आजपर्यंत शेवटच्या तीन कोसांचं ज्ञान पुरवणारा बदललेला नाही. बदलला तो व्यवहार. गाडीवान ते भाड्यात देत होता, महार वतनदाराकडून ते सक्तीने घेतलं गेलं, कंडक्टरने ते पगारावर दिलं, आणि आजचा तरुण ते हौसेने, फुकट एका कंपनीच्या नकाशाला देतो. याला वेठ म्हणणं जुन्या वेठीचा अपमान ठरेल; इथे सक्ती नाही, आणि गावाला गिऱ्हाईक, पाहुणे, रुग्णवाहिका हे सगळं वेळेवर मिळतं. पण दिलेल्या नोंदीवर गावाचा हक्क राहत नाही, हे खरं आहे. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात तो राहतो, आणि त्याचा नकाशा गार्मिनच्या जुन्या यंत्रातही फुकट भरता येतो, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत आहे. सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय मात्र याहून जवळचा आहे. ग्रामपंचायतीकडे वाड्या-वस्त्यांची यादी असते, भूकंपानंतर हललेल्या गावांच्या जुन्या-नव्या जागा महसूल खात्याकडे असतात, देवाच्या मुक्कामाच्या तिथी मानकऱ्यांकडे असतात. हे सगळं एकत्र करून देवनागरीत, कंसांसह, सर्वांना वापरता येईल असं जाहीर करणं आणि प्रत्येक फाट्यावर आतल्या सगळ्या वस्त्यांची नावं लिहिलेली पाटी लावणं हे जिल्ह्याच्या प्रशासनाला अवघड नाही. उपग्रहाला ठिकाण कळतं; त्या ठिकाणी कोणतं गाव आहे हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी त्या गावाची आहे, आणि ती त्याने दुसऱ्यावर सोडू नये.